चार टोकांचा जोड

सुनेच्या नोकरीचं पत्र आणि टेलिफोन कंपनीचं पत्र एकाच दिवशी आलं. थोरल्याचे दोन्ही हात वार्निशने चिकटले होते, म्हणून त्याने दोन्ही पाकिटं दातांनी फोडली. सुनेचं पत्र वाचून तो "बरं झालं" म्हणाला. कंपनीचं वाचून त्याने मांडीवरची मोटार खाली ठेवली.

"तांबं काढणार म्हणतात," तो बायकोला म्हणाला.

"कुठलं?"

"फोनच्या तारेतलं. महिनाअखेर जुनी लाइन बंद. तिच्या जागी काचेचा दोरा घालणार. फायबर. नंबर तोच राहील म्हणे."

"मग घालू दे की."

"काचेतून आवाज जातो का कधी? खिडकी लावली की तुझी हाक मला ऐकू येत नाही."

"खिडकी उघडी असली तरी कुठे येते?" थोरली म्हणाली.

थोरला वाइंडिंगवाला होता. जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. यंदा उन्हाळा लांबला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, वीज मेल्यासारखी येत होती, आणि कोरडं ओढून ओढून मोटारी रोज दोन-तीन या हिशेबाने जळत होत्या. लोक त्या गोणपाटात गुंडाळून आणत आणि आजारी माणूस आणल्यासारखं तोंड करून दारात बसत. काळी पडलेली तार छिन्नीने कापायची, पकडीने ओढून काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, मग हाताने फिरवायच्या यंत्रावर नवी तार गुंडाळायची. ऐंशी वेढे म्हणजे ऐंशी. एकोणऐंशी झाले असा नुसता संशय आला तरी तो सगळं उलगडायचा. वेढे घालताना कुणी काही विचारलं तर उत्तर म्हणून पुढचा आकडाच मोठ्याने म्हणायचा. "मामा, माझी कधी मिळेल?" "त्रेसष्ट!" माणूस गप्प व्हायचा.

सुनेची नोकरी एका पार्सल कंपनीत होती. घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. लग्नाआधी चार वर्षं ती एका दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायची. लग्नानंतरची दोन वर्षं तेच काम बिनपगारी करत होती. नवरा टँकरवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. पत्रात एकच अट होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काम सुरू. त्याआधीच्या शुक्रवारी कंपनी घरची लाइन तपासणार. लाइन पास झाली तर ठीक, नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

घर खळग्यात होतं. मोबाइलला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. मुलाखतसुद्धा तिने टाकीवर बसून, एका हातात छत्री धरून दिली होती. साहेबांनी विचारलं होतं, "मॅडम, आपण कुठे आहात?" ती म्हणाली होती, "वरच्या मजल्यावर."

तर हातात अठरा दिवस होते.

त्याच संध्याकाळी तिने घरच्या फोनवरून पार्सल कंपनीला होकार कळवला. लाइन नेहमीसारखी खरखरत होती. पलीकडच्या बाईंनी अभिनंदन केलं, आणि त्याच्या मागोमाग दुरून, जणू विहिरीतून, एक पुरुषी आवाज आला, "शाब्बास!" तिला वाटलं साहेब असतील. तीही "थँक यू सर" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. पलीकडून चुलत सासू, म्हणजे धाकटी, म्हणाली, "रविवारी सुट्टी आहे ते एक बरं झालं हो तुला."

सुनेच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. सुट्टीचं तर तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"आई, काकूंना कसं कळलं?" तिने घरात येऊन विचारलं.

"फोनवरून," थोरली निवांत म्हणाली. "आपलं बोलणं त्यांच्या फोनात येतं, त्यांचं आपल्या. दमट दिवस असला की जरा जास्त येतं."

"आणि तुम्ही दोन वर्षांत मला सांगितलं नाही?"

"तू तुझ्या माहेरी काय काय बोलतेस ते कळायला नको?"

सुनेने दोन वर्षांतले सगळे फोन मनातल्या मनात उलटे मोजायला सुरुवात केली आणि तिचे कान लाल झाले.

दोन घरांमध्ये पन्नास पावलं आणि अकरा वर्षं होती. आधी दोघे भाऊ एकत्र काम करायचे. विहिरीवर लोखंडी नळ्यांची तिपायी घोडी उभी करायची, तिला साखळीची कप्पी टांगायची, आणि बुडालेली मोटार वर ओढायची. थोरला घोडी सांभाळायचा, धाकटा साखळी ओढायचा. मग धाकट्याला रोपवाटिका काढायची होती म्हणून वाटणी झाली. जमीन, भांडी, सायकली, सगळं गोडीने वाटलं गेलं, आणि शेवटी घोडी आणि कप्पी यांवर अडलं. दोघांनाही दोन्ही हव्या होत्या. चार शहाण्यांनी बसून निकाल दिला की घोडी थोरल्याला, कप्पी धाकट्याला. न्याय इतका सारखा झाला की दोन्ही वस्तू निकामी झाल्या. त्या दिवसापासून भाऊ बोलले नाहीत. थोरला दर वेळी पलीकडच्या गावातून घोडी-कप्पीची जोडी मागून आणायचा, आपली घोडी तशीच ठेवून. धाकट्याला रोपं उचलायला कप्पी लागत नव्हती, पण त्याने ती दिली नाही, विकली नाही. बायका मात्र बोलत होत्या; वाटणीत भांडण त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि भाऊ बोलत नव्हते हेही तसं कागदोपत्रीच. तीन वर्षांपूर्वी थोरल्याने बेअरिंगच्या दुकानदाराला फोनवर सांगितलं, "पाठ धरलीय, खाली बसता येत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या खुंटावर तेलाची बाटली होती. गेल्या वर्षी धाकट्याने बियाणेवाल्याकडे रड लावली की फवारणीचा पंप घुं घुं करतो आणि फिरत नाही. तासाभरात थोरल्याने त्याच बेअरिंगवाल्याला फोन केला आणि हवापाण्याचं बोलता बोलता उगाच आवाज चढवून म्हणाला, "काही काही लोकांना कळत नाही, कपॅसिटर बदलला की पंप फिरतो!" बेअरिंगवाला म्हणाला, "मला का ओरडताय?" पंप दुसऱ्या दिवशी फिरला. आभार कुणी मानले नाहीत, मागितलेही नाहीत.

लाइनमन आला पाचव्या दिवशी, नऊ फोन झाल्यावर. त्याला सगळे "उद्या" म्हणत, कारण कधीही विचारलं तरी तो तेवढंच सांगे. माणूस वाईट नव्हता. सत्तर गावं, एक मोटारसायकल आणि एक शिडी, एवढ्यात जो येईल तो उद्याच येणार.

त्याने रस्त्यापासून तार बघत बघत धाकट्याच्या रोपवाटिकेतल्या खांबापर्यंत नजर नेली. लाकडी खांब, वाळवीने पोखरलेला, एका बाजूला कललेला.

"खांबाने तार धरायची असते," उद्या म्हणाला. "इथे तारेने खांब धरलाय. जुनी तार काढली की हा झोपणार. फायबरला नवा लोखंडी खांब लागेल, याच जागी. जागामालकाची सही आणा, मग मी खांब पाठवतो."

"जागा कुणाची?" हे त्याने विचारलं तेव्हा थोरल्याने हातातली पक्कड न्याहाळली, थोरलीने आभाळ न्याहाळलं. सून म्हणाली, "चुलत सासऱ्यांची."

"मग घरचंच काम," उद्या म्हणाला आणि फॉर्म देऊन गेला.

फॉर्म घेऊन सूनच गेली. धाकटा रोपांच्या पिशव्यांत माती भरत उकिडवा बसला होता. त्याने हात झटकले, खिशातलं पेन काढलं, फॉर्म गुडघ्यावर ठेवला. पेन टेकवणार, एवढ्यात त्याने विचारलं, "या काचेच्या दोऱ्यात आवाज गळत नाही म्हणे?"

"छे हो काका," सून उत्साहाने म्हणाली. "एकाचं दुसऱ्याला अजिबात ऐकू जात नाही."

"अजिबात?"

"टाचणी पडल्याएवढंसुद्धा नाही."

धाकट्याने पेन परत खिशात ठेवलं. "शेतात खांब नको," तो म्हणाला.

"पण आत्ताही आहेच की."

"त्याची सवय झालीय." आणि तो पुन्हा माती भरायला लागला. जरा वेळाने, वर न बघता म्हणाला, "ज्याला खांब हवा त्याने येऊन विचारावं. तोंड आहे ना त्याला?"

हे घरी कळल्यावर थोरला म्हणाला, "तीस वर्षं माझी तार तिथून जाते. आता काय विचारायचं? पंचेचाळीस!" तो वेढे घालत होता.

त्यानंतर फॉर्मने कुंपण चार वेळा ओलांडलं. एकदा त्यावर मातीचा अंगठा उमटून आला, एकदा वार्निशचा. सही तेवढी कुणाची नव्हती. अठरातले तेरा दिवस गेले. सून सकाळी उठून आधी टाकीवर चढायची, पार्सल कंपनीचा निरोप आलाय का ते बघायची आणि उतरायची. चौदाव्या दिवशी निरोप आला: शुक्रवारी अकरा वाजता लाइन तपासणी. ती टाकीवरच बसून राहिली. खाली थोरली तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि आत जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पोरगी टाकीवर बसून रडतेय," ती म्हणाली. "आता आकडा म्हणून दाखवा."

थोरल्याने यंत्र थांबवलं. तीस वर्षांत वेढ्यांच्या मध्ये थांबल्याची ही पहिलीच वेळ.

सून खाली उतरली तेव्हा तो फोनसमोर स्टुलावर बसला होता. "मी त्याला फोन करणार नाही," तो म्हणाला. "लाव म्हणशील तर तेवढं जमणार नाही."

"त्यांना नका करू, बाबा," सून डोळे पुसत म्हणाली. "कंपनीला करा. तक्रार नोंदवा. जरा मोठ्याने."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग खाकरून, कॉलर नीट करून, नंबर फिरवला.

"नमस्कार," कंपनीची बाई म्हणाली. "आपली तक्रार सांगा."

"माझ्या भावाबद्दल आहे."

"सर, लाइनबद्दल काही तक्रार असेल तर—"

"लाइनबद्दलच बोलतोय!" थोरल्याने आवाज चढवला. "खांब त्याच्या शेतात. तो सही देत नाही. त्याला म्हणावं, राग माझ्यावर आहे ना, मग माझ्यावर काढ. सुनेची नोकरी चाललीय."

लाइन खरखरली. कुणीतरी रिसीव्हर उचलल्यासारखा खट् आवाज झाला. मग विहिरीतून यावा तसा आवाज आला, "त्याला म्हणावं, अकरा वर्षांत कुंपणापर्यंत यायला पाय दुखत होते का?"

"सर," बाई म्हणाली, "आपल्या लाइनवर दुसरं कुणी आहे का?"

"कुणी नाही. माझा भाऊ आहे."

"घोडी कुणी नेली ते विचारा त्याला!" विहिरीतला आवाज म्हणाला.

"घोडी मला पंचांनी दिली! बाई, त्याला सांगा."

"सर, जनावरामुळे लाइन तुटली आहे का?"

"लाइन तुटलेली नाही. कप्पी कुणाकडे आहे विचारा."

"सर, मला आपला ग्राहक क्रमांक—"

"बाई, त्याची पाठ कशी आहे विचारा," विहिरीतला आवाज म्हणाला, जरा खाली येऊन.

बाईचा हा सकाळपासूनचा कितवा फोन होता कोण जाणे. तिने विचारून टाकलं. "सर, आपली पाठ कशी आहे?"

थोरल्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "बरी आहे," तो म्हणाला. "तेलाने आराम पडला म्हणावं."

"हे तीन वर्षांनी सांगतोय," विहिरीतला आवाज म्हणाला. मग नुसती खरखर. मग, "सही देतो म्हणावं. पण खांबापुरतीच. बाकीचं बाकी."

"सर, तक्रार सोडवली असं नोंदवू का?"

"अर्धी नोंदवा," थोरला म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, एक मोटार विहिरीतून एकट्याने काढल्यासारखा. दारात धाकटी उभी होती. तिच्या हातात सही केलेला फॉर्म होता. शाई अजून ओली होती.

सोमवारी संध्याकाळी फॉर्म गेला आणि बुधवारी सकाळी खांब आला. ट्रॅक्टरवाल्याने तो रोपवाटिकेच्या बांधावर टाकला आणि निघून गेला. मागोमाग उद्या आला, त्याने खांबाला पाय लावून बघितला आणि म्हणाला, "उभे करणारे लोक आणि त्यांची गाडी पुढच्या महिन्यात. नंबर लावून ठेवलाय तुमचा."

"शुक्रवारी लाइन तपासणार आहेत!" सून म्हणाली.

"खांब उभा असेल तर मी आत्ता दोरा ओढून देतो. खांब उभा करणं माझं काम नाही. मी उद्या—" त्याने सुनेचं तोंड बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

जुना खांब, नवा खांब, मध्ये खड्डा करायची जागा. त्या जागेच्या एका बाजूला थोरला उभा होता, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघेही खांबाकडे बघत होते. त्या लांबीचं आणि वजनाचं लोखंड कशाने उचलायचं, हे दोघांनाही माहीत होतं, आणि कोणी आधी हलायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी थोरला वळला आणि घराच्या मागे गेला. त्याच्या घोडीवर थोरलीने अकरा वर्षं शेंगांचा वेल चढवला होता. "अहो, फुलावर आलाय!" थोरली ओरडली, पण तोवर त्याने विळ्याने बुंधा कापला होता. वेल ओढून काढल्यावर खाली नळ्या दिसल्या, लाल रंगाच्या, चकचकीत.

"रंग कधी दिलात?" सुनेने विचारलं.

"दरवर्षी देतात," थोरली म्हणाली. "वेलाखालून. कोण बघतंय म्हणून."

तो घोडी खांद्यावर घेऊन आला तेव्हा धाकटा गोणपाटातून कप्पी सोडत होता. साखळीच्या कडीकडीला तेल होतं. ती हातातून सापासारखी सुळकन घरंगळली. थोरल्याने ते बघितलं. धाकट्याने नळ्यांचा रंग बघितला.

खड्डा धाकट्याने खणला, कमरेएवढा. थोरल्याने घोडीचे तीन पाय खड्ड्याभोवती रोवले, प्रत्येकाखाली दगड दिला, हलवून बघितलं. कप्पी वर अडकवायला धाकट्याला त्याच्या खांद्यावर पाय द्यावा लागला. तो आधी उद्याकडे बघत राहिला, उद्या म्हणाला, "माझी कंबर गेलीय." मग धाकट्याने चपला काढल्या, पुन्हा एक घातली, पुन्हा काढली, आणि अखेर मातीचा पाय भावाच्या खांद्यावर ठेवला. थोरला डोळे मिटून उभा राहिला.

"ओढ," थोरला म्हणाला.

अकरा वर्षांतला हा पहिला थेट शब्द. धाकट्याने साखळी ओढली. कप्पी कटकट करत बोलायला लागली आणि खांबाचं एक टोक जमिनीवरून सुटलं.

"ओढ. ओढ. थांब. डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तुझी कुठली आणि माझी कुठली, समोरासमोर उभे आहोत!"

"तुझ्या उजवीकडे, गाढवा!"

"असं सरळ सांगायचं, दादा."

खांब घोडीखाली लोंबकळत होता, हलत होता, खड्ड्याच्या तोंडाशी येऊन बाजूला जात होता. उद्या दुरून दोन्ही हातांनी दिशा दाखवत होता, त्या कुणी पाळत नव्हतं. मध्येच वाऱ्याने की कशाने खांब फिरला, थोरला मागे सरला, त्याची पाठ धरली, आणि त्याच क्षणी धाकट्याने साखळी अडकवून खांबाखाली खांदा दिला. त्याचा एक पाय खड्ड्यात गेला. खांब त्याच्या शेजारून सूं करत खाली उतरला आणि तळाला ठण्णकन बसला.

"पाय काढ!" थोरला ओरडला.

पाय निघाला. चप्पल निघाली नाही. खांद्यावरून उतरल्यावर घाईने घातलेली होती, तीच खांबाखाली राहिली.

"काढायची का?" उद्याने विचारलं.

"राहू दे," धाकटा धापा टाकत म्हणाला. "खांबाला आधार होईल."

खडी आणि सिमेंट ओतून झालं. दोघे भाऊ खांबाला दोन बाजूंनी पाठ टेकून बसले, धरून ठेवायला म्हणून. घामाने चिकटलेलं सिमेंट अंगावर वाळत होतं. थोरली आणि धाकटी एकाच तांब्यातून सगळ्यांना पाणी वाढत होत्या.

तोवर उद्याने जुन्या खांबाखालची जोडपेटी उघडली आणि तो हसायला लागला. "इकडे या," तो म्हणाला. "हा जोड कुणी केलाय?"

पेटीत दोन्ही घरांच्या तारांची चार टोकं होती. कंपनीच्या कामात ती दोन-दोन वेगळी असतात. इथे दोन-दोन जोडल्यावर चारही एकाच गाठीत आवळली होती, आणि गाठीला वापरलेली तार होती मोटारीच्या वाइंडिंगची, तांबूस चकाकीची.

"ही तर मोटार भरायची तार," उद्या म्हणाला. "म्हणजे एकाचं दुसऱ्याच्या घरात ऐकू येत असणार. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या वहीत तुमच्या दोन घरांच्या शंभरावर तक्रारी आहेत, खरखर, बंद, उशीर. ही एक कुणीच कशी केली नाही?"

"आम्हाला कुठे त्रास होता?" थोरला म्हणाला.

ज्या आठवड्यात वाटणी झाली त्याच आठवड्यात मातीच्या गाडीने तार तोडली होती. लाइनमन महिनाभर आला नव्हता. एका दुपारी थोरला स्वतःच पक्कड घेऊन भावाच्या शेतात शिरला आणि जोड मारून आला. ऐंशी वेढे न चुकता मोजणारा माणूस चार टोकांत चुकला होता.

"मी बघत होतो त्या दिवशी," धाकटा खांबाच्या पलीकडून म्हणाला. "रोपांच्या आडून."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

थोरल्याने उद्याच्या हातातून ती गाठ घेतली, सिमेंटच्या हाताने पुसली आणि खिशात टाकली.

गुरुवारी दोरा ओढला गेला, केसाएवढा, थोरल्याच्या डोळ्यांना धड दिसेना. दोन्ही घरांत पांढऱ्या डब्या लागल्या. शुक्रवारी अकरा वाजता पार्सल कंपनीच्या माणसाने कुठून तरी लाइन तपासली आणि म्हणाला, "मॅडम, फार छान लाइन आहे आपली." सून आत जाऊन सासूच्या गळ्यात पडली. टाकीवरची छत्री खाली आली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सून मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली. थोरल्याने पुढच्या दारातली मोटार घेतली, तीन खाचा भरल्या आणि हात पुसून फोनपाशी गेला. ही त्याची रोजची ऐकायची वेळ होती. धाकटा नऊ वाजता बियाणेवाल्याला फोन करायचा. थोरल्याने रिसीव्हर उचलला. एकसुरी टोन, स्वच्छ, काचेसारखा. खरखर नाही, खोकला नाही, बियाणेवाला नाही. त्याने रिसीव्हर हलवून पुन्हा कानाला लावला.

"काही येत नाही," तो म्हणाला.

"मग लावा ना तुम्हीच," थोरली म्हणाली. "शेवटचा आकडाच तर वेगळा आहे."

थोरल्याने नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. "बघ, माझ्याशिवाय चाललंय त्याचं," तो म्हणाला आणि तिसऱ्यांदा फिरवला. पुन्हा एंगेज.

तेवढ्यात धाकटी कुंपणाशी आली. "अहो वहिनी," ती ओरडली, "भाऊजींना म्हणावं जरा फोन ठेवा! हे केव्हापासून लावताहेत, लागतच नाही!"

थोरल्याने रिसीव्हर चटका बसल्यासारखा ठेवला. लगेच घंटा वाजली. त्याने तीन वेळा वाजू दिली, तेवढा मान राखायला, आणि मग उचलला.

"कोण?"

"मी."

"काय काम होतं?"

"काम काही नाही. आवाज येतो का बघत होतो."

"येतो. फारच येतो. माझा येतो का?"

"येतो की! तुझी घोडी मी दुपारी नेणार आहे. पाण्याची मोटार काढायचीय!"

"एकटा काढू नकोस! मी येतो! कप्पीला तेल घाल!"

"घातलंय!"

जुन्या लाइनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, ती सवय दोघांची गेली नव्हती. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. पन्नास पावलांवरून प्रत्येक वाक्य आधी हवेतून येत होतं आणि मग काचेतून. झाडावरचे कावळे उडाले. दारात मोटार घेऊन बसलेला माणूस कानांवर हात ठेवून थोरलीला म्हणाला, "मावशी, यांना सांगा, फोन नसला तरी चालतं."

मागच्या खोलीत सुनेचा पहिलाच फोन चालू होता. कुणा बाईंचं पार्सल ओलं पोहोचलं होतं. सून मान हलवत लिहून घेत होती. मध्येच बाई थांबल्या.

"मॅडम, तुमच्या लाइनवर दुसरं कुणी आहे का? कुणीतरी फार मोठ्याने बोलतंय."

सुनेने उठून दार लावलं. उपयोग झाला नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझे सासरे आहेत आणि त्यांचा भाऊ. तुम्ही बोला."